जिल्ह्याचे वस्तुसंग्रहालय आणि शाळेची मुले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेर, पैठण, सातारा, औंध, कोल्हापूर, नागपूर अशा ठिकाणची संग्रहालये शाळांना जवळची आणि परवडणारी आहेत. तरीही बहुतेक सहली तिथे अर्धा तास थांबतात आणि पुढच्या बागेकडे निघतात. ही उत्तरे त्या अर्ध्या तासाचे दीड-दोन तास करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी आहेत.

पुस्तकात सगळे दिलेलेच आहे. मग मुलांना संग्रहालयात कशाला न्यायचे?

पुस्तक निष्कर्ष सांगते. तो कशावरून काढला हे संग्रहालयात दिसते. तेरचेच पाहा. सातवाहन काळात इथला रोमशी व्यापार चाले, हे वाक्य मुले पाठ करतात. तेरच्या कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेईच्या उत्खननात निघाली. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे तिथली मूर्ती त्याआधीच तिकडे पोचलेली असणार. मग तेरची मूर्ती साधारण कोणत्या काळातली? सातवीचा मुलगा हे स्वतः सांगू शकतो. इतिहासात तारीख कशी बसवतात, ते त्या दोन मिनिटांत त्याला कळते.

त्याच गावाचा उल्लेख 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या जुन्या प्रवासवर्णनात तगर या नावाने येतो. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणपासून पूर्वेला तगर दहा दिवसांच्या वाटेवर, असे त्यात म्हटले आहे. नकाशा आणि दोरा घेऊन ही वाट मोजायला लावा. बैलगाडी दिवसाला किती कोस चालते ते घरी आजोबांना विचारून यायला सांगा. उत्तर तंतोतंत जुळणार नाही. का जुळले नाही, यावर वर्गात वाद झाला तर तास सत्कारणी लागला.

एका भेटीत किती वस्तू दाखवाव्यात?

चार किंवा पाच. सगळी दालने दाखवायचा मोह आवरा. सहाव्या-सातव्या वस्तूनंतर मुलांचे लक्ष उडते आणि पुढचे सगळे 'आणखी एक मूर्ती' होऊन जाते. नव्वद मिनिटांचा हिशेब असा: सुरुवातीची दहा मिनिटे मोकळे फिरणे, मग प्रत्येक वस्तूला बारा ते पंधरा मिनिटे, उरलेला वेळ मुलांनी स्वतः निवडलेल्या एका वस्तूसमोर. ती पहिली दहा मिनिटे काटायची नाहीत. नवी जागा डोळ्यांनी पाहून झाल्याशिवाय मुले एका जागी उभी राहत नाहीत.

वस्तू निवडण्यासाठी शिक्षकाने आठ-पंधरा दिवस आधी एकदा एकट्याने जाऊन यावे. निवडलेले दालन दुरुस्तीसाठी बंद असणे किंवा वस्तू दुसऱ्या प्रदर्शनासाठी बाहेर गेलेली असणे, हे नेहमीचे आहे.

साठ मुले एकदम नेता येतात का? परवानग्या काय लागतात?

नेता येतात; पण एका वस्तूभोवती पंधरा ते वीसच उभी राहू शकतात. साठांचे चार गट करा, प्रत्येक गटाबरोबर एक मोठे माणूस ठेवा आणि गटांनी वेगवेगळ्या दालनांतून सुरुवात करा. सगळे एकाच दारातून एका रांगेत सोडले की मागच्या चाळिसांना पुढच्यांच्या पाठी दिसतात.

मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र संग्रहालयाला किमान दोन आठवडे आधी द्या. त्यात इयत्ता, संख्या, वेळ आणि कोणत्या दालनांत काम करायचे आहे ते लिहा. पालकांची संमतिपत्रे आणि शिक्षण विभागाची सहलीची परवानगी नेहमीप्रमाणे घ्यावी लागते. एसटीची सवलतीची गाडी हवी असेल तर आगारात लवकर अर्ज करा. डिसेंबर-जानेवारीत गाड्या मिळेनाशा होतात.

दिवस ठरवताना दोन गोष्टी पाहा. बहुतेक शासकीय संग्रहालये सोमवारी बंद असतात, पण फोन करून खात्री करून घ्या. आणि १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन आपल्याकडे सुट्टीत येतो, त्यामुळे शाळांना त्याचा उपयोग नाही. १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह सोयीचा. मात्र त्या आठवड्यात शांतता मिळेल अशी आशा धरू नका.

दप्तरे गाडीतच ठेवा. काचेच्या कपाटांना सर्वांत जास्त धक्के पाठीवरच्या दप्तरांचे बसतात. पेन नको, पेन्सिल आणि लिहायला पॅड द्या. डबा आधी खाऊन घ्या. भुकेली मुले पुरातत्त्व ऐकत नाहीत.

आम्ही तीस प्रश्नांची प्रश्नपत्रिका देतो. मुले पूर्णही करतात. काय चुकते?

मुले वस्तू पाहत नाहीत, पाटी पाहतात. 'ही मूर्ती कोणत्या शतकातली?' या प्रश्नाचे उत्तर पाटीवर छापलेलेच असते. एक मुलगा उतरवून घेतो, बाकीचे त्याच्याकडून. वस्तूकडे पाठ करूनही हा कागद भरता येतो, आणि भरलाही जातो.

प्रश्न पाचच द्या आणि असे द्या की पाटी वाचून सुटणार नाहीत. या जात्याची कोणती बाजू जास्त झिजली आहे? या दिव्यात वात किती ठिकाणी लावता येईल? हा अडकित्ता डाव्या हाताने चालवता येईल का? या मडक्याला आतून रंग का दिला नसेल? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात असे प्रश्न विचारायला अडकित्ते, दिवे, दौती, भांडी यांची रेलचेल आहे. राजे-सरदारांच्या तलवारींपेक्षा या वस्तूंपुढे मुले जास्त बोलती होतात, कारण त्या कशासाठी होत्या याचा अंदाज त्यांना स्वतः बांधता येतो.

एक प्रश्न चित्राचा ठेवा. चित्र चांगले आले पाहिजे असे नाही. काढायला बसले की किती बोटे, किती पाकळ्या, कुठे तुटले, हे पाहावेच लागते.

वस्तूसमोर उभे राहून नेमके काय करायचे?

वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड, घ्या. महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक संग्रहालयाच्या अंगणात एखादा असतो, आणि कित्येक गावांत मारुतीच्या देवळाबाहेर शेंदूर लावून उभा असतो.

पहिले एक मिनिट कोणी बोलायचे नाही, फक्त पाहायचे. मग प्रत्येकाने दिसलेली एक गोष्ट सांगायची. अर्थ नाही, फक्त दिसणे. 'युद्ध चालले आहे' हा अर्थ झाला. 'खाली एक माणूस आडवा आहे, शेजारी दोघांच्या हातात काहीतरी लांब आहे' हे दिसणे. हा फरक मुलांना सुरुवातीला जड जातो. तीन-चार वेळा टोकले की जमतो. त्यानंतर शिक्षकाने एवढेच सांगायचे की दगड खालून वर वाचायचा. तळच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर. तिथे गायी कोरलेल्या असतील तर गुरे पळवणाऱ्यांशी झालेली झुंज. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन निघालेल्या. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत ही कीर्ती राहो.

आता प्रश्न टाका: हा दगड कोणी उभारला असेल? खर्च कोणी केला? त्यावर नाव का नाही? मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर गावातल्या वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई कोरली आहे. त्याचा फोटो शेजारी धरून दोन्हींतला फरक काढायला लावा. किनाऱ्यावर नावा आणि घाटावर गायी का, हे भूगोलाच्या तासाला जोडता येते.

पाटी सर्वांत शेवटी वाचायची. ती आधी वाचली की पाहणे संपते. आणि पाटीवर मजकूर तुटपुंजा असेल, बऱ्याचदा असतोच, तर मुलांना नवी पाटी लिहायला सांगा: साठ शब्द, चौथीच्या मुलाला कळेल अशी. हा गृहपाठ निबंधापेक्षा कठीण जातो.

अंगणात गधेगाळही (गाढव आणि स्त्री कोरलेला शापाचा दगड) आहे. मुले हसतात. तो टाळावा का?

टाळू नका. तो मुलांना दिसणारच आहे, आणि शिक्षक नजर चुकवून पुढे गेले की हसू दुप्पट होते. सहावी-सातवीसाठी इतके पुरते: राजाने जमीन दान दिली, हे दान कोणी मोडू नये म्हणून दगडावर शिवी कोरली, आणि ती स्त्रीवर घातली. शिलाहारांच्या काळात असे दगड बरेच उभारले गेले. नववी-दहावीच्या वर्गात पुढे जाता येते: वचन मोडणारा पुरुष, मग शिक्षा त्याच्या घरातल्या बाईच्या नावाने का? वर्ग गप्प होतो आणि मग बोलू लागतो. सहलीला निघण्याआधीच वर्गात दोन वाक्यांत कल्पना देऊन ठेवली तर अंगणात गोंधळ होत नाही.

मुले विचारतात, 'ही खरीच महाराजांची आहेत का?' काय सांगावे?

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून वाघनखे प्रदर्शनासाठी साताऱ्यात आली, तेव्हापासून हा प्रश्न सगळीकडेच वाढला आहे. उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे देऊन मोकळे होऊ नका. पुरावा मुलांपुढे ठेवा.

या वाघनखांच्या पेटीवर इंग्रजी मजकूर आहे. त्यानुसार शिवाजी महाराजांनी ज्यांनी 'मोगल सेनापतीला' मारले ती ही वाघनखे, आणि ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला पेशव्यांच्या मंत्र्याने दिली. चौथीचे पुस्तक वाचलेले मूलही इथे अडते: अफझलखान मोगल नव्हता, आदिलशाहीचा सरदार होता. म्हणजे पेटीवरचा मजकूर लिहिणाऱ्याला नीट माहिती नव्हती. शिवाय प्रतापगडची भेट १६५९ सालची आणि ग्रँट डफ साताऱ्यात आला १८१८ नंतर. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत ही वस्तू कुठे होती, याची नोंद नाही. ही तीच वाघनखे असल्याची खात्री देता येत नाही, असे ते लंडनचे संग्रहालयही सांगते. म्हणून ती खोटी ठरतात का? नाही. सिद्ध झाले नाही आणि खोटे ठरले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहावीच्या मुलांना 'उपयोजित इतिहास' हा पाठ शिकवताना याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. प्रतापगडच्या पराक्रमाला यातून काही उणेपणा येत नाही, तेही त्याच दमात सांगा. नाहीतर घरी भलताच निरोप पोचतो.

जवळच्या संग्रहालयात फक्त नाणी आणि खापरे आहेत. मुले कंटाळणार नाहीत का?

नाणी ओळीने मांडलेली असली तर कंटाळतात. एकच नाणे घेतले तर नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला. अशा नाण्याचा मोठा छापील फोटो दाखवा: खाली चेहऱ्याचे नाक आणि केस अजून दिसतात आणि त्यावरच कमानींचा डोंगर उठवलेला आहे. नाणी वितळवून नवी का पाडली नाहीत? जुन्या राजाचा चेहरा अर्धवट ठेवण्यात काय फायदा? मग नाशिकच्या लेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या, म्हणजे गौतमीपुत्राच्या आईच्या, लेखात क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निर्मूळ केल्याचे म्हटले आहे, ते सांगा. दगड आणि चांदी एकच गोष्ट सांगतात. नाशिक परिसरातल्या शाळांना अंजनेरीची नाणेशास्त्राची संस्था जवळ आहे.

खापरांसाठी सोपी कृती: फुटलेल्या माठाचे पंचवीस-तीस तुकडे पिशवीत द्या आणि काठ, पोट, बूड असे वेगळे करायला सांगा. काठाच्या तुकड्याची कमान कागदावर उतरवून कंपासने वर्तुळ पुरे केले की माठाच्या तोंडाचा व्यास निघतो. उत्खननात हेच करतात. तेर तर गोरोबाकाकांचे गाव, कुंभाराचे. तिथे खापर बघायला मुलांना वेगळे कारण द्यावे लागत नाही.

हात का लावू देत नाहीत? आणि आत इतका अंधार का?

हाताच्या घामात मीठ आणि आम्ल असते. कांस्य-तांब्यावर त्याचे डाग पडतात आणि पुढे गंज धरतो. एका बोटाने काही होत नाही. वर्षाला हजारो बोटांनी होते. देवळातल्या पितळी घंटेचा टोल पाहिला की मुलांना ते पटते.

कापड, कागद आणि हस्तलिखिते यांवर प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचे एकक) आसपास ठेवतात. तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. प्रकाशाने झालेली हानी साठत जाते आणि परत भरून येत नाही. पैठणीचा उडालेला रंग अंधारात ठेवून परत येणार नाही. डोळे सरावायला दोन-तीन मिनिटे लागतात, म्हणून उन्हातून आल्या आल्या मुलांना थेट वस्त्रदालनात नेऊ नका. फ्लॅश बंदच.

हात लावायची भूक मात्र खरी आहे. संग्रहालयाकडे प्रतिकृती किंवा हाताळायला ठेवलेली खापरे आहेत का ते पत्रातच विचारा. वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर हे आधी सांगणे गरजेचे. ऐन वेळी कोणी कुलूप उघडत नाही.

मोडीचा तास घेता येईल का? मुलांना खरेच जमते?

नव्वद मिनिटांत मुले स्वतःचे नाव मोडीत लिहितात. आधी पूर्ण ओळभर शिरोरेघ आखायची, मग हात न उचलता अक्षरे. बोरू मिळाला तर उत्तम, नाहीतर तिरक्या टोकाचे पेन. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत जवळजवळ पाळला जात नाही, हे कळल्यावर शुद्धलेखनात मार्क गेलेल्या मुलांना लिपीबद्दल एकदम प्रेम वाटू लागते.

वाचनापेक्षा तारीख काढणे जास्त रंगते. पेशवेकालीन कागदांवर शुहूर सन (तेव्हाची एक कालगणना) अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो: इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१. हे वर्ष मृग नक्षत्र लागते तेव्हा, जूनच्या सुरुवातीला, सुरू होते. म्हणून जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदाला ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारीची, म्हणून ११६१ अधिक ६००, बरोबर १७६१. सगळीकडे ५९९ मिळवणे ही ठरलेली चूक. तिने पानिपत एक वर्ष आधीच होऊन जाते.

पहिली-दुसरीच्या मुलांना न्यावे का?

न्यावे, पण चाळीस मिनिटे आणि दोन वस्तू. शतक, राजघराणे काही सांगू नका. प्राणी शोधा, दागिने मोजा, मूर्तीसारखे उभे राहा. एवढे बास.

शाळेतच छोटे संग्रहालय करायचे आहे. सुरुवात कुठून?

कपाटापासून नको, नोंदवहीपासून. रकाने असे: क्रमांक, वस्तूचे नाव, कोणी दिली, कुठून मिळाली, तारीख, मोजमाप, सध्याची अवस्था, दान की परत करायच्या बोलीवर. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आजीचा तांब्या शाळेला दिला की दाखवायला दिला, हे लिहून सही घेतली नाही तर तीन वर्षांनी भांडण होते.

क्रमांकाची चिठ्ठी दोऱ्याने बांधा. फेविकॉल, चिकटपट्टी, मार्कर वस्तूवर लावू नका. पितळ चिंचेने घासून लख्ख करण्याचा उत्साह आवरा. त्याबरोबर वापराच्या खुणाही जातात. कागदपत्रांना लॅमिनेशन कधीच नाही, ते काढता येत नाही. जुनी मापे, शेर-पायली, आणे-पै यांनी सुरुवात करा: रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै, १ एप्रिल १९५७ पासून १०० नवे पैसे. गणिताचे शिक्षक आपोआप सामील होतात.

विद्यार्थ्याच्या शेतात नांगरताना नाण्यांचे मडके निघाले, तर?

मडके रिकामे करू नका, धुऊ नका, एकमेकांना चिकटलेली नाणी सोडवू नका. शक्य असेल तर जागच्या जागी राहू द्या; जवळ पट्टी ठेवून फोटो काढा, खोली आणि बांधापासूनचे अंतर लिहून ठेवा. काढून झालेच असेल तर आतल्या मातीसकट ठेवा.

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. व्यवहारात तलाठ्याला आणि पोलीस पाटलाला आधी सांगितले तर पुढची पत्रे लवकर हलतात. मडके 'सरकार घेऊन जाईल' या भीतीने लोक ते लपवतात किंवा सोनाराकडे नेतात. कायद्यात सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क धरलेला आहे, आणि सरकारने निधी घ्यायचे ठरवले तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा द्यायची तरतूद आहे, हे पालकांना सांगा. कळवल्याची पोच मागून घ्या. तिच्यावर तारीख आणि नाण्यांची संख्या किंवा वजन लिहिलेले आहे ना, ते पाहूनच घरी जा.